गाडीखाली बाहेरून विकत घेतलेला चासी ब्रेस (चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, तो ताठ करणारा दांडा) बसवायचा आहे. गंजाच्या दृष्टीने स्टील, ॲल्युमिनियम की स्टेनलेस, कुठला घ्यावा?

माझं मत आधीच सांगतो: जस्ताचा थर आणि त्यावर पावडर कोटिंग असलेलं साधं स्टील. पण दांडा कुठल्या धातूचा यापेक्षा तो चासीला जिथे टेकतो ती जागा जास्त बघा. मी बघितली नव्हती.

माझा ब्रेस पावडर कोटिंगचाच होता. तीन वर्षांनी क्लचच्या कामासाठी उतरवला, तेव्हा दांडा जवळपास नव्यासारखा निघाला. पण त्याच्या टोकाच्या पट्टीखाली चासीचा मूळ रंग घासून गेला होता आणि तिथे गंजाचे पापुद्रे सुटले होते. एक बोल्ट तर खोलताना तुटलाच. ब्रेस काय, दुसरा मिळतो. चासीच्या आत वेल्ड केलेला नट गंजला, की मेकॅनिकही डोक्याला हात लावतो.

ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, हे खरं. पण ते स्टीलला चिकटून ओलं राहिलं, त्यातून खारं पाणी असलं, तर दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. सांध्याशी पांढरी पूड दिसली तर तेच चाललंय असं समजा. शिवाय त्याचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश (७० विरुद्ध २०० गिगापास्कल), म्हणजे तेवढाच उपयोग हवा तर दांडा जाड घ्यावा लागतो, आणि गाडीखाली तेवढी जागा असतेच असं नाही.

स्टेनलेस घेतला की निश्चिंत, असं पुष्कळांना वाटतं. इथे बॅटरी उलटी चालते. स्टेनलेस शाबूत राहतं आणि चासीचं साधं स्टील झिजतं. चासीच्या रंगाला बारीकसा ओरखडा असेल, तर सगळा मारा तेवढ्याच ठिकाणी होतो आणि खड्डा पडतो. चकचकीत ब्रेसखाली सडलेली चासी!

बॉनेटखालच्या स्ट्रट बारसाठी (दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारा दांडा) एवढं डोकं खपवू नका, तो बराचसा कोरडा असतो.

विकत घेताना वेल्डिंगच्या कडा बघा, कोटिंग तिथेच पातळ पडतं आणि खडी लागून उडालं की गंज त्याच्याखालून पसरतो. पोकळ नळी असेल तर ती पूर्ण बंद तरी हवी, नाहीतर सखल बाजूला पाणी निघायला भोक हवं. अर्धवट बंद नळी आतून सडते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही.

बसवताना चासीवरचे ओरखडे रंगवून पूर्ण वाळू द्या, मग सांध्याच्या कडांना गंजरोधक मेण लावा. पट्टीखाली रंगाचे जाड थर किंवा रबर मात्र नको, ते दबतं आणि बोल्ट ढिला पडतो. काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळलाय ते, पुन्हा तपासाच. आट्यांना ग्रीस लावणार असाल तर पुस्तिकेतला कोरड्या बोल्टच्या टॉर्कचा आकडा तसाच वापरू नका, बोल्ट जास्त ताणला जातो.