‘किल्ड’चं खापर उन्हावर नको

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापुरात राहतो. एम.टेक.चा प्रकल्प भूजलावर आहे. मंगळवेढ्याकडच्या एका शिवाराचे २०० बाय २०० चौकोन पाडून प्रत्येकातली पाणीपातळी ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. उबुंटूच्या टर्मिनलवरून प्रोग्रॅम चालवला की मॅट्रिक्स भरेपर्यंत सगळं ठीक. समीकरणं सोडवायची ओळ आली की मशीन गुदमरतं आणि नुसतं ‘किल्ड’ उमटतं. काय चुकलं, कितव्या ओळीत, काही नाही. रॅम १६ जीबी आहे. मे महिन्याच्या उन्हानं मशीन तापतंय का?

उत्तर : आपल्या गावात उन्हावर काहीही ढकलता येतं, पण हे नाही. तापलं असतं तर अख्खं मशीन बंद पडलं असतं. तुमचं टर्मिनल शाबूत आहे. शिवाय ‘किल्ड’ हे ऑक्टेव्ह म्हणत नाही, शेल म्हणतो, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम. ऑक्टेव्हला बोलायची उसंतच मिळालेली नाही. लगेच ‘इको $?’ (echo $?) देऊन बघा, आधीचा प्रोग्रॅम कसा संपला त्याचा आकडा दिसतो. १३७ आलं तर ते १२८ अधिक ९, म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीनं बंद करणारा ९ नंबरचा सिग्नल. मग ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) देऊन सिस्टिमच्या नोंदींच्या शेवटच्या ओळी वाचा. तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ आणि शेजारी ऑक्टेव्हचं नाव सापडेल. रॅम संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त खाणाऱ्यालाच पंगतीतून उठवतो.

आता हिशेब करू. चौकोन ४०,०००, प्रत्येकाचं एक समीकरण, म्हणजे मॅट्रिक्स ४०,००० बाय ४०,०००. एका आकड्याला ८ बाइट, एकूण १२.८ जीबी. हे कसंबसं मावलं. पण सोडवताना ऑक्टेव्ह तेवढीच आणखी एक प्रत करतं, आणि तिथेच खेळ खलास.

रॅम वाढवायला धावू नका. मी धावले होते, पदरचे पैसे घालून. आठवड्यात मोह झाला आणि चौकोन ४०० बाय ४०० केले. बाजू दुप्पट, पण मेमरी सोळापट. पुन्हा ‘किल्ड’!

तुमच्या मॅट्रिक्सच्या एका ओळीत खरे आकडे पाचच असतात: चौकोन स्वतः आणि त्याचे चार शेजारी. बाकी ३९,९९५ शून्यं तुम्ही जिवापाड सांभाळताय. शून्यं न साठवणारं ‘स्पार्स’ मॅट्रिक्स वापरलंत तर सुमारे २ लाख आकडे उरतात, साडेतीन एमबीच्या आसपास. सोडवताना थोडी वाढ होते, तरी १६ जीबीला त्याचं काही वाटणार नाही.

फक्त दोन खोड्या टाळा. आधी ‘झीरोज’ या आज्ञेनं शून्यांचं पूर्ण मॅट्रिक्स करून मग ‘स्पार्स’मध्ये घालू नका, १२.८ जीबी तर तेव्हाच खर्च होतात. आणि स्पार्स मॅट्रिक्समध्ये लूप लावून एकेक आकडा भरू नका, दर वेळी आतली मांडणी सरकते आणि तुमचा चहा गार होतो. ओळ, स्तंभ, किंमत अशा तीन याद्या आधी तयार करा आणि ‘स्पार्स’ला एकदाच द्या. समीकरणं सोडवणारी बॅकस्लॅशची (\) ओळ आहे तशीच राहू दे.