चुंबकीय ‘अशुद्धी’, ‘हीण’ की ‘उपरा अणू’?

धातूच्या पृष्ठभागावर बसलेल्या कोबाल्टच्या एखाद्या अणूला इंग्रजीत ‘मॅग्नेटिक इम्प्युरिटी’ म्हणतात. मराठीत ‘चुंबकीय अशुद्धी’ चालेल का, असा प्रश्न आहे.

मला ते पटत नाही. ‘अशुद्धी’ अवस्था सांगते, वस्तू नव्हे. ‘सोन्यावर एक अशुद्धी ठेवली’ असं मोठ्याने म्हणून पाहा, जीभ अडखळते. ‘भेसळ’ तर नकोच, तिच्यात फसवणुकीचा हेतू आला.

सोनारकामातला ‘हीण’ हा शब्द मात्र फार मोलाचा आहे. सोन्याचांदीत मिसळलेला हलका धातू म्हणजे हीण. ‘हिणकस’मध्ये तेच आहे. आणि गंमत म्हणजे या चुंबकीय अणूंची सगळी कथा सोन्यातच सुरू झाली! धातू थंड केला की त्याचा विद्युत्‌रोध घटत जातो. पण १९३४ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये सोन्याचा रोध एका मर्यादेनंतर पुन्हा चढताना दिसला. कारण सोन्यात नावापुरतं असलेलं लोखंडासारखं हीण. असा अणू स्वतःच चिमुकला चुंबक असतो. त्याच्यावर आदळताना इलेक्ट्रॉनची फिरकी (स्पिन) उलटू शकते, आणि तापमान उतरेल तसा हा अडथळा वाढतो, हे जपानी भौतिकशास्त्रज्ञ जून कोंडो यांनी १९६४ साली गणिताने दाखवलं. आणखी थंड केलं की भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून त्या अणूचं चुंबकत्व झाकून टाकतात.

पृष्ठभागावर मात्र ‘हीण’ही अपुरं पडतं. १९९८ साली सोन्यावर कोबाल्टचे सुटे अणू ठेवून ते स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने, म्हणजे अतिसूक्ष्म सुईने एकेक अणू चाचपणाऱ्या यंत्राने, तपासले गेले. सुईचं टोक अणूच्या डोक्यावर असताना, शून्य व्होल्टच्या आसपास, संवाहकतेच्या (वीज किती सहज वाहते याच्या) आलेखात अरुंद खळगा उमटतो; चुंबकत्व झाकणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ती खूण. टोक जेमतेम एक नॅनोमीटर बाजूला नेलं की खळगा नाहीसा. हा अणू सोन्यात मिसळलेलाच नाही, वर येऊन बसलाय. सोन्याचा कस त्याने उतरत नाही.

म्हणून पृष्ठभागासाठी मी ‘उपरा अणू’ म्हणेन. ‘परका’ दूर कुठेही असू शकतो. उपरा म्हणजे बाहेरून येऊन इतरांमध्ये राहिलेला, आणि इथे तर स्थानिक इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती गोळाच होतात. शिवाय शब्द सहज चालतो: ‘उपरे चुंबकीय अणू’, ‘उपऱ्या अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन’. धातूच्या आत मिसळलेले असतील, तर खुशाल ‘चुंबकीय हीण’ लिहा.