कोल्हापुरात घरी इंटरनेट घेऊन स्वतःची वेबसाइट करायची आहे. दोन्ही एकाच माणसाकडून करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात इंटरनेट घ्यायचंय, वडिलांनी काढलेले खासबागेतल्या कुस्त्यांचे फोटो वेबसाइटवर लावायचेत, आणि ओळखीचा एक जण दोन्ही करून देतो म्हणतोय. साइटही घरच्याच कॉम्प्युटरवर चालवू म्हणतोय. जोडणी त्याच्याकडून खुशाल घ्या. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, मात्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा.

हे मी पोळल्यावर सांगतोय. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी टाइप करून साइटवर ठेवल्या होत्या. साइट करून देणाऱ्यानं डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची जागा, दोन्ही स्वतःच्या खात्यातून घेतलं. तीन वर्षं बरी गेली. पुढं त्यानं धंदा बदलला, मुदत संपत आल्याचं पत्र त्याच्याच ईमेलवर गेलं, ते कुणी बघितलं नाही, नाव सुटलं आणि होस्टिंगही बंद झालं. आजीच्या ओव्या वहीत होत्या म्हणून राहिल्या. पण आत्यांनी फोनवर आठवून सांगितलेल्या ओव्या मी थेट साइटवरच टाइप केल्या होत्या, त्या गेल्या. त्यातली थोरली आत्या आता नाही.

म्हणून डोमेनचं खातं उघडताना ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, पैसेही तुमच्या कार्डावरनं. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात, दुसऱ्या वर्षापासूनचा दर वेगळा असतो. तो आधी बघा. डॉट इन नावांची व्यवस्था निक्सी ही संस्था बघते, आपल्याला मात्र ती नोंदणी कंपन्यांमार्फतच मिळतात. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत नावही घेता येतं. हौसेनं जरूर घ्या, पण मुख्य नाव रोमन ठेवा. फोनवर सांगायला आणि ईमेलला सोपं पडतं.

आता घरच्या कॉम्प्युटरवर साइट ठेवायचं. ते नको. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे जोडणीचे आकडी पत्ते, अपुरे असल्यानं बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या जोडणीचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा दिसला तर तुम्ही त्यातलेच. मग बाहेरच्या माणसाला तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत सरळ पोचताच येत नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपीचे, म्हणजे फक्त तुमच्या, न बदलणाऱ्या पत्त्याचे, वेगळे पैसे पडतात. शिवाय लाइट गेली की साइट बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं ते आठवा. फोटोंची एक प्रत घराबाहेर असलीच पाहिजे. नुसते फोटो आणि मजकूर असलेल्या साइटला गिटहब पेजेस ही साइट ठेवायची सेवा फुकट पुरते, १ जीबीपर्यंत. मोबाइलचा ५ एमबीचा फोटो २००-३०० केबीवर आणून चढवा, मूळ फाइल दोन ठिकाणी जपा. डोमेन जोडल्यावर तिथंच एचटीटीपीएस (ब्राउझरमधली सुरक्षित जोडणी) चालू करायची सोय आहे, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

जोडणीचं थोडक्यात. फायबरच घ्या. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण साडेबारा एमबी, घराला भरपूर झालं. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. फोटो चढवायचेत म्हणून अपलोडचा वेग मुद्दाम विचारा. जुन्या घराच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय नीट जात नाही; राउटर कोपऱ्यातल्या खोलीत नको, माजघरात बसवून घ्या, आणि फायबर ओढायच्या आधीच ते सांगा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पावसाळ्यात तो लागतोच.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत, टाइप करा. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतला मजकूर तसाच चिकटवला तर अक्षरांचा चिखल होतो, आधी रूपांतर करून घ्या. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला भाषा मराठी अशी नोंद ठेवा. काही फॉन्ट ती बघून आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. माझ्या डोळ्यांना ते फार खुपतं.

वडील ७८ वर्षांचे आहेत म्हणालात. जोडणी यायला लागतील तेवढे दिवस लागू देत. तोवर त्यांच्याजवळ बसून एकेक फोटो समोर धरा आणि पैलवान कोण, तालीम कुठली, साल कुठलं, कुस्ती निकाली झाली की बरोबरीत सुटली, हे विचारून वहीत उतरवा. आज संध्याकाळीच सुरू करा.