वीज गेली तर बिअर्डेड ड्रॅगनला उबदार कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की डॅलसला बर्फाच्या वादळाचा इशारा आलाय, घरात मुलीचा दोन वर्षांचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आहे आणि रात्री वीज गेली तर त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं तर भागेल का.

नुसत्या ब्लँकेटने नाही भागणार. आपल्याला ब्लँकेटमध्ये उबदार वाटतं ते आपल्याच अंगाच्या उबेमुळे, ब्लँकेट ती फक्त धरून ठेवतं. सरड्याचं अंग अशी ऊब तयारच करत नाही. गार पडलेला सरडा कितीही गुंडाळा, तो गारच राहणार. त्याला बाहेरून ऊब द्यायला हवी, आणि ती टिकवायला लहानसा, जाड भिंतींचा डबा हवा.

हे मी फेब्रुवारी २०२१ मध्ये शिकले. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. १५ तारखेच्या पहाटे अख्खी ग्रिड कोसळू नये म्हणून वीज तोडायला सुरुवात झाली आणि टेक्सासमधली ४५ लाखांहून जास्त घरं, दुकानं अंधारात गेली. आमच्याकडे दोनच्या सुमारास गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आली. बाहेर उणे १०, घरात सकाळी ९ अंश. मुलाचा ड्रॅगन, शेरू, त्याच्या काचेच्या टाकीत होता. पहाटे पाच वाजता टॉर्च मारून बघितलं तर अंग काळपट पडलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. एरवी हातावर घेतला की नखं रुतवून मनगट धरतो, त्या दिवशी नुसता ओघळत होता. मुलगा रडायला लागला, म्हणाला, गरम पाण्यात बुडवूया.

सासूबाई तेव्हा मिरजेहून आल्या होत्या. त्यांनीच अडवलं. "आधण नको, कोमट कर. आणि अंगाला लावू नकोस, कडेला ठेव." गुडघे शेकायची त्यांची रबरी पिशवी होती, ती कामी आली. गॅसची शेगडी काडेपेटीने पेटली. तुमचीही गॅसची असेल तर ती हाताने पेटते का, ते आजच बघून ठेवा. विजेची असेल तर आजच थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा. पाणीही साठवा, आमचे नळसुद्धा गेले होते.

सहलीला नेतो तो आईस बॉक्स घेतला. तळाशी जुना टॉवेल. एका बाजूला ती पिशवी, पंच्यात दोन पदरी गुंडाळलेली. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. ही मोकळी जागा फार महत्त्वाची. सरड्याला पोटाखालची जास्तीची आच वेळेवर कळतेच असं नाही, तो चिकटून बसतो आणि कातडी भाजते. पिशवी मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरा, चटका वाटला तर अजून एक पदर गुंडाळा. आत थर्मामीटर टाका. टाकीतल्या ऊब देणाऱ्या दिव्याखाली त्याला ३८-४० अंश लागतात, पण ते दिवसाचं, अन्न पचवायचं तापमान. संकटात २४ ते २७ मिळालं तरी पुष्कळ. झाकण दोन बोटं उघडं ठेवा आणि वर गोधडी टाका, ती फट मात्र झाकू नका. दही लावलेलं भांडं थंडीत गुंडाळून ठेवतो, तसंच हे. आम्ही दर अडीच-तीन तासांनी पाणी बदललं. तासाभराने शेरूने डोळे उघडले आणि पंच्याकडे सरकला.

दुपारी त्याला मुलाच्या स्वेटरच्या आत, बनियनवर ठेवलं. माणसाचं अंग ही सगळ्यात खात्रीची शेकोटी, तापमान मोजावं लागत नाही आणि चटका बसायचा धोका नाही. फक्त कोणी त्याला घेऊन झोपू नये, अंगाखाली चिरडेल.

हातात धरायच्या गरम पुड्या मिळतात, त्या मी पहिल्यांदा बॉक्समध्ये टाकून झाकण घट्ट लावलं होतं. अर्ध्या तासात पुड्या थंड. त्यात लोखंडाची भुकटी असते, ती हवेतला ऑक्सिजन घेऊन तापते. बंद डब्यात ती विझते आणि जनावराची हवाही खाते. वापरायच्याच असतील तर पायमोज्यात घालून डब्याच्या बाहेरून लावा, उघड्या पुडीने भाजतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात आणू नका, आणि गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. त्या आठवड्यात आमच्या भागात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, मुलंसुद्धा. गॅसच्या शेगडीवरही पाणी तापलं की ती बंद करायची, खोली तापवायला नाही.

आजपासूनच खायला देणं थांबवा. गार अंगात अन्न पचत नाही, पोटात कुजतं. दोन वर्षांचा धडधाकट ड्रॅगन दोन-चार दिवस उपाशी सहज राहतो. पाणी फवारू नका, ओल आणि गारठा एकत्र आले की छातीत कफ धरतो. युव्हीबी दिव्याची (उन्हासारखे अतिनील किरण देणारा तो दिवा) काळजी सोडा, आठवडाभर नसला तरी बिघडत नाही.

त्याच थंडीत टेक्सासच्या साउथ पाड्रे बेटावर सुन्न पडलेली हजारो समुद्री कासवं लोकांनी किनाऱ्यावरून उचलून तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरच्या जमिनीवर ओळीने ठेवली होती. बघून मेलीच म्हणावीत अशी. हळूहळू ऊब मिळाल्यावर त्यातली बरीच पुन्हा समुद्रात गेली. म्हणून तुमचा ड्रॅगन उद्या हलेनासा दिसला तरी गेला असं समजू नका. ऊब द्या, आणि ती सावकाश द्या.

वीज आली की लगेच दिव्याखाली ठेवू नका. आधी खोली तापू द्या, मग टाकी, मग तो. दिव्याखाली एक पूर्ण दिवस बसल्यावरच पहिला घास, तोही थोडासा. शेरूने तिसऱ्या दिवशी दोन झुरळं खाल्ली. पुढचे दहा दिवस श्वासाकडे लक्ष ठेवा: तोंड उघडं ठेवून बसणं (दिव्याखाली बसतो तेव्हाचं वेगळं), नाकाशी बुडबुडे, घरघर. यातलं काहीही दिसलं तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या. सगळे व्हेट ते बघत नाहीत, तेव्हा वीज आहे तोवर फोन करून कोण बघतं ते विचारा आणि नंबर कागदावर लिहून ठेवा.