चार हजारांत, आठ दिवसांत

"मॅडम, मी नागपूरला रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष. संत्र्याच्या सालीचा कोळसा करून त्याने पाण्यातलं फ्लोराइड काढायचं, असा विषय आहे. जूनमध्ये एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाच्या मुलाखती आहेत आणि माझा एकही पेपर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण म्हणतो, चार हजार द्या, आठ दिवसांत केअर लिस्टेड जर्नलमध्ये छापून देतो, प्लॅगरिझम रिमूव्ह करून. बाबा म्हणतात, 'सगळेच देऊन राहिले, तूही दे.' दुसरं म्हणजे, गाइड सर सांगतात की विभागातल्या आणखी एका सरांचं नाव पेपरवर टाक. त्या सरांनी आमच्या लॅबमध्ये पायही ठेवलेला नाही. नाही म्हटलं तर पीएचडी अडेल का?"
– एक संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मीही रसायनातलीच. बरीच वर्षं शिकवलंय, त्यामुळे तुझी घालमेल मला ऐकीव नाही. माझ्या स्वतःच्या बायोडेटात एका परिषदेत पैसे भरून छापलेला एक लेख कित्येक वर्षं होता. तो कुणी वाचला नाही हे माझं नशीब.

आधी त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्याचं बघू. तो जे विकतोय ते बाजारातच नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअरची, म्हणजे त्यांनी मान्य केलेल्या जर्नलांची, यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. जर्नल चांगलं की वाईट हे आता संस्थांनी आणि संशोधकांनी स्वतः तपासायचं, त्यासाठी यूजीसीने काही निकष सुचवले आहेत. म्हणजे आज कुणी 'केअर लिस्टेड' म्हणत असेल तर तो बंद पडलेल्या टॉकीजची तिकिटं विकतोय. आणि यूजीसीच्या याद्या चालू होत्या तेव्हा सगळं आलबेल होतं असंही नाही. केअर येण्याआधीच्या यादीतून यूजीसीला मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नल्स काढून टाकावी लागली होती. 'आमच्याकडे आयएसएसएन आहे' या वाक्यालाही भुलू नकोस. तो नुसता ओळख क्रमांक असतो. गाडीला नंबर मिळाला म्हणून तिचे ब्रेक लागतातच असं थोडंच आहे?

'प्लॅगरिझम रिमूव्ह', म्हणजे मजकुरातली उचलेगिरी काढून देतो, हा प्रकार तर चार हजार घेऊन वर केलेला अपमान आहे. ही मंडळी मजकूर एका सॉफ्टवेअरमधून फिरवतात, ते प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द चिकटवतं आणि दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेल्या साम्याचा आकडा खाली येतो. अशा पेपरांत 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल' (छातीचा धोका!) झालेलं सापडलंय. २०२१ मध्ये काही संशोधकांनी असे वेडेवाकडे शब्दप्रयोग हुडकायला सुरुवात केली आणि त्यावरून बनावट पेपरांचा माग निघू लागला. तुझ्या 'अ‍ॅडसॉर्प्शन कपॅसिटी'चं, म्हणजे कोळशाच्या फ्लोराइड धरून ठेवण्याच्या क्षमतेचं, काय होईल, कल्पना कर. तसंही तुला घाबरायचं काय कारण? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंडच नाही, आणि संदर्भसूची, नावानिशी दिलेली अवतरणं, प्रमाण समीकरणं त्यात मोजतच नाहीत. काम तुझं आहे, तर शब्दही तुझेच राहू देत, इंग्रजी जरा खडबडीत असलं तरी.

पण माझा खरा आक्षेप पैशांवर नाहीच. चांगली ओपन अ‍ॅक्सेस (वाचकांना मोफत असलेली) जर्नल्सही फी घेतात, आणि अनेक जुनी, नावाजलेली जर्नल्स लेखकाकडून एक रुपयाही घेत नाहीत. फी घेतली म्हणजे लबाडी असा हिशोब नसतो. विचारायचं ते हे, की छापण्याआधी तो पेपर कुणी वाचला?

तुझ्याच कामाचं घे. पेपर बऱ्या जर्नलकडे गेला तर एखादा रिव्ह्यूअर (पेपर तपासणारा तज्ज्ञ) हमखास विचारेल: प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्लोराइड घालून केलेत की खऱ्या बोअरच्या पाण्यात? बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, त्याने क्षमता किती घसरते? पीएच किती ठेवला? एकदा वापरलेला कोळसा पुन्हा किती वेळा चालतो? तीन-चार महिने जातील, कधी जास्तही. एकदा तरी 'नको' म्हणून परत येईल. रडू येईल. पण त्या प्रश्नांची उत्तरं शोधताना तुझा प्रबंध जो पक्का होईल, तो आठ दिवसांत होत नाही.

आणि पैसे देऊन छापलास तर डेटा अडकला. तेच आकडे पुन्हा चांगल्या जर्नलला पाठवणं म्हणजे दुबार प्रकाशन, तोही गैरप्रकारच. पेपर मागे घ्यायला गेलं की ही मंडळी उत्तर देत नाहीत, नाहीतर मागे घेण्याचे आणखी पैसे मागतात. तीन वर्षं साली वाळवल्यास, जाळल्यास, चाळल्यास, ते सगळं चार हजारांत त्यांच्या वेबसाइटवर. वर पैसे तूच द्यायचे!

काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजच्या निवड समितीत विषयतज्ज्ञ म्हणून बसले होते. एका उमेदवाराचे नऊ पेपर होते. फाइल चाळताना एका आलेखावर बोट ठेवून मी सहज विचारलं, "हा एक बिंदू इतका खाली का गेलाय?" त्याने तो आलेख असा पाहिला, की जणू पहिल्यांदाच पाहतोय. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ते त्या लोकांनी करून दिलं होतं." मुलगा वाईट नव्हता. उरलेले आठ पेपर मग कुणी उघडलेच नाहीत.

बाबांना एक हिशोब दाखव. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजातल्या या पदासाठी छाननी करताना एका पेपरला २ गुण आहेत आणि पेपरांचे मिळून जास्तीत जास्त ६. पीएचडीला एकटीला २५. सहा गुणांसाठी पंचवीस गुणांच्या कामाला बट्टा लावायचा का, एवढंच विचार त्यांना. शिवाय २०२२ च्या पीएचडी नियमांपासून प्रबंध सादर करण्याआधी पेपर हवाच अशी यूजीसीची अट उरलेली नाही. विद्यापीठाचं स्वतःचं काही बंधन आहे का, हे पीएचडी सेलमध्ये जाऊन सध्याचं डायरेक्शन (विद्यापीठाचा लेखी आदेश) वाचून बघ. मैत्रिणीच्या सांगण्यावर राहू नकोस.

जूनपर्यंत हातात काहीतरी हवं असेल तर सरळ मार्ग आहे. गाइडच्या संमतीने पेपर केमआर्काइव्ह या रसायनशास्त्राच्या साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीचा मसुदा, म्हणून टाक. पैसे लागत नाहीत. ज्या जर्नलला पाठवणार, त्याला प्रीप्रिंट चालतं ना, तेवढं आधी बघून घे. मग एकाच जर्नलला पाठव, एका वेळी दोन ठिकाणी नाही. बायोडेटात 'प्रीप्रिंट' आणि 'अंडर रिव्ह्यू' असंच लिही, 'पब्लिश्ड' नको. आणि जर्नलची साइट गुगलवरून उघडू नकोस, स्कोपस या जर्नलांच्या सूचीत आयएसएसएन टाकून जर्नल आणि प्रकाशक कोण ते बघ, आणि प्रकाशकाच्या मुख्य साइटवरून जा. नावाजलेल्या जर्नलांच्या हुबेहूब नकली साइट्स असतात.

आता त्या दुसऱ्या सरांचं नाव. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी घातलेला आणि इतरही बऱ्याच जर्नलांनी मानलेला नियम स्पष्ट आहे: ज्याने कामात खरी भर घातली, मसुदा लिहिला किंवा तपासला, अंतिम मसुद्याला संमती दिली आणि जो पेपरची जबाबदारी घेतो, तो लेखक. चारही गोष्टी हव्यात. बाकीच्यांची जागा आभारात. पण गाइडसमोर नियम वाचायला जाऊ नकोस. बहुतेक मोठे प्रकाशक आता प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहून मागतात, १४ प्रकारच्या कामांची यादीच असते. तो फॉर्म घेऊन जा आणि साध्या आवाजात विचार, "सर, यात त्या सरांच्या नावापुढे काय लिहू?" पुष्कळदा विषय तिथेच मिटतो. नाही मिटला तर मसुदा त्या सरांना ईमेलने पाठव, सूचना माग, संमती लेखी घे. चुकलं तर त्यांनाही उत्तर द्यावं लागेल, हे त्यांना कळू दे.

तरीही गाइड अडून बसले तर? पीएचडी अडणार नाही असा शब्द मी देऊ शकत नाही. इथे तुला हुतात्मा व्हायलाही सांगणार नाही. आरएसीतल्या (पीएचडीच्या संशोधन सल्लागार समितीतल्या) एखाद्या विश्वासाच्या सदस्याशी बोलून बघ. नावाच्या भांडणात एकवेळ नमतं घ्यावं लागेल, ते मी समजू शकते. आकड्यांच्या बाबतीत मात्र नाही. 'ती दोन रीडिंग काढून टाक, रेषा सरळ येते' असं कुणीही म्हटलं, तरी ती रीडिंग वहीत आणि पेपरात राहिली पाहिजेत.

आणि ते चार हजार अजून दिले नसशील, तर त्यातले थोडे खर्च कर. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या भागात भूजलात फ्लोराइड आहे, त्यावर अभ्यास झालेले आहेत. गणेशपेठच्या स्टँडवरून सकाळची एसटी पकड, चार-पाच बोअरचं पाणी आण. बाटल्या प्लॅस्टिकच्या ने, काचेच्या नको. प्रत्येकीवर गाव आणि तारीख तिथेच लिही, घरी आल्यावर नाही.