टूर द फ्रान्स रस्त्यावर उभं राहून पाहायची असेल तर नियोजन कसं करावं?

जुलैत आईबाबांना घेऊन फ्रान्सला जाताय, त्यात टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा एक दिवस बसवायचाय आणि तिकिटं कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंय. तिकीट लागतच नाही हो! रस्त्याच्या कडेला फुकट उभं राहायचं. खरा प्रश्न आहे तो जागेचा.

सपाट रस्ता निवडलात तर दीड-पावणेदोनशे सायकलस्वार अर्ध्या मिनिटात सुसाट निघून जातील आणि बाबा विचारतील, "झालं?" म्हणून घाटच गाठा. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीलाही बघणारे बोरघाटात जातात, 'घाटाचा राजा' तिथेच ठरतो.

माझी पसंती आल्प्समधल्या आल्प द्युएझ या घाटाला. 13.8 किलोमीटर, 21 वळणं, सरासरी आठ टक्क्यांचा चढ. इथे पुढचे स्वारही ताशी विसाच्या आसपास येतात, आणि मागचे तुकड्यातुकड्यांनी पुढे अर्धा-पाऊण तास येत राहतात. उघडी टाकलेली जर्सी, त्यावर घामाचे पांढरे मिठाचे ओघळ, हातभर अंतरावरून दिसतं सगळं. मात्र हा घाट दरवर्षी नसतो. मार्ग आदल्या ऑक्टोबरात जाहीर होतो. तो पाहून लगेच ग्रेनोबल किंवा पायथ्याच्या ल बूर द्वाझाँ गावात खोली धरा. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, म्हणजे व्हिसा खोलीनंतरच मिळणार, म्हणून खोली रद्द करता येईल अशीच घ्या.

वळणांचे क्रमांक उलटे आहेत, 21 पायथ्याशी आणि 1 वर. सातवं वळण डच लोकांचं: केशरी धूर, बिअर, कानठळ्या बसवणारं संगीत. तुम्ही एकटे असता तर तिथेच जा म्हटलं असतं. आईबाबांसोबत पायथ्याजवळचं विसावं-एकविसावं वळण बरं. स्वार तिथे थोडे घोळक्यात असतात, पण चालणं वाचतं.

रस्ता गाड्यांसाठी खूप आधी बंद होतो, त्यामुळे सकाळीच पोचा. घडीची खुर्ची, टोपी, भरपूर पाणी आणि रेनकोट हवाच. आल्प्समध्ये दुपारी कधी कोसळेल सांगता येत नाही. स्वारांच्या दोनेक तास आधी जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक येते, टोप्या-चॉकलेटं फेकत. आईंना बहुधा हेच जास्त आवडेल! मग हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की उठा.

फोटोसाठी रस्त्यात पाऊल टाकू नका. 1999 साली याच घाटात फोटो काढणाऱ्या एका प्रेक्षकाला धडकून सायकलस्वार ज्युसेप्पे गुएरिनी शेवटच्या किलोमीटरमध्ये पडला होता. उठून जिंकला, ते त्याचं नशीब.

त्या रात्रीची पॅरिसची गाडी मात्र ठरवू नका. शर्यत संपल्यावरही रस्ता मोकळा व्हायला कितीतरी वेळ जातो.