पल्व्हरायझर दुसऱ्या मजल्यावर चढवण्याआधी

प्रश्न : डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून मी भाजणी, मेतकूट, चकल्या विकते. विक्री महिना 90 हजार, हाती 35 हजार. दोन एचपीचा पल्व्हरायझर (दळण्याचं यंत्र) आणि चकली मशीन घेऊन दोन मदतनीस ठेवायच्या आहेत. 13 टक्क्यांनी 5 लाखांचं कर्ज काढू की दागिने मोडू? वर्षाला 60 हजारांची पॉलिसी घेतल्यास कर्ज लवकर होईल, असं एजंट म्हणतो. 10 वर्षं भरायचे, 15व्या वर्षी 9 लाख.

उत्तर : पैशांचं नंतर पाहू. मशीन ठेवणार कुठे?

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत घरगुती व्यवसायाला मुभा आहे, पण काम घरच्यांनीच करायचं, पगारी माणूस नाही, बाहेर पाटी नाही आणि यंत्रं घरात एरवी असतात तेवढीच. आज तुम्ही यात बसता. मदतनीस आणि पल्व्हरायझर आले की दोन अटी एकदम मोडतात. शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर यंत्रं बंद पडतील. कर्जाचा हप्ता मात्र बंद पडणार नाही.

विजेचंही तसंच. घरातल्या छोट्या व्यवसायाला महावितरण घरगुती दर लावतं ते महिन्याला 300, वर्षाला 3,600 युनिटपर्यंतच. दोन एचपी म्हणजे दीड किलोवॅट. रोज सहा तास, 25 दिवस : सव्वादोनशे युनिट. त्यात घरचे पावणेदोनशे मिळवा, चारशे झाले, मर्यादा ओलांडली. अनधिकृत वापर ठरला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी.

शहराच्या विकास आराखड्यात दुकानं असतात, एमआयडीसीचे प्लॉट असतात. दोनशे चौरस फुटांच्या कामाच्या स्वयंपाकघराला कोणी जागा सोडत नाही, म्हणून ही कामं फ्लॅटमध्ये शिरतात. दोष तुमचा नाही. पण इमारतीची वायरिंग आणि सांडपाण्याचे पाइप घरांच्याच हिशेबानं टाकलेले असतात.

आता आकडे. पाच वर्षांचा हप्ता सुमारे 11,400, दोघींचा पगार 20 हजार धरा, पॉलिसीचे 5 हजार. तुमचे 35 हजार संपले. विक्री दुप्पट होईल म्हणता? मशीन दळतं, गिऱ्हाईक आणत नाही.

पॉलिसीचा परतावा जेमतेम 4 टक्के. 13 नं पैसा उचलून 4 नं ठेवायचा! कर्जासाठी ती सक्तीची नसते. सही केली असेल तर कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करा.

भाजणी घरी भाजा, दळण गिरणीवाल्याला द्या. किलोला 12 रुपये धरले तरी 300 किलोचे 3,600. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी तुमच्या पिठात येते, म्हणून पहिलं किलोभर पीठ बाजूला काढा. अन्नसुरक्षा नोंदणीचा पत्रात उल्लेख नाही. नसेल तर याच आठवड्यात करा.

दिवाळीनंतरही मागणी टिकली तर भाड्याचा गाळा बघा. करारापूर्वी भोगवटा प्रमाणपत्रात (इमारत वापरायला पालिका देते तो दाखला) त्याचा वापर काय लिहिलाय ते तपासा. कर्जाचं तेव्हा विचारा. दागिने लॉकरमध्येच राहू द्या.